ळ तारेत बसत नाही

जुलैतल्या बेळगावात कपडे वाळत नाहीत, नुसते गार होतात. परवा माहेरी गेले तेव्हा टिळकवाडीच्या आमच्या घरात खुर्च्यांच्या पाठींवर, दारांवर, अगदी देवघराच्या खुंटीवरसुद्धा ओले कपडे लटकलेले होते आणि त्यांच्या मधोमध भाची शाळेचा प्रोजेक्ट मांडून बसली होती. दहा इंग्रजी शब्द घ्यायचे आणि त्यांचं मोर्स कोडमध्ये ‘भाषांतर’ करायचं. शब्द बाईंचा. खरं तर यात भाषांतर कसलं? रेन रेनच राहतो, मदर मदरच राहते, फक्त अक्षरांच्या अंगावर वेगळे कपडे चढतात. पण तिला तसं म्हटलं असतं तर तिनं माझ्याकडे बघून नुसते डोळे फिरवले असते, म्हणून गप्प बसले. मोबाईलवर दोन चौकोन होते. वरच्यात शब्द टाकला की खालच्यात टिंबं आणि रेघा उमटायच्या. त्या ती कार्डशीटवर उतरवून घेत होती, टिंब लाल स्केचपेननं, रेघ निळ्यानं. मध्येच चमच्यानं ताटलीवर वाजवून बघत होती.

आतल्या पलंगावरून अण्णांचा आवाज आला, “काय वाजवालीस गं?”

“मदर, आजोबा.”

“मदर नव्हे ते. ताटली वाजालीय नुसती.”

अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत. उठायला वेळ लागतो, पण उठायचं ठरवलं की उठतात. येताना सुपारीच्या डब्यातला अडकित्ता घेऊन आले. समोर बसून त्यांनी तिला समजावलं, की चमच्याचा ठोका म्हणजे नुसता ठोका, त्याला लांबी नाही. लांबी नाही तर टिंब कुठलं आणि रेघ कुठली हे कानाला कळणार कसं? मग सुपारी न घालता त्यांनी अडकित्ता मिटला, उघडला. मिटताना खट्, उघडताना बिजागरीचा बारीक टक्. खट्-टक् लगेच आलं तर टिंब. खट्… टक् असं जरा थांबून आलं तर रेघ. स्टेशनातला तारेचे ठोके ऐकवणारा साउंडर असाच बोलायचा म्हणे. खाली आपटण्याचा एक आवाज, वर सुटण्याचा दुसरा, आणि अक्षर त्या दोघांच्या मधल्या वेळात. पोरगी तोंड उघडं टाकून बघत राहिली. मीही. चाळीस वर्षं तो अडकित्ता बघत आलेय, त्याला दोन आवाज आहेत हे कधी ऐकलंच नव्हतं.

मग अण्णा म्हणाले, “आता बेळगाव घाल त्यात.” तिनं मराठी कीबोर्ड काढून ‘बेळगाव’ टाईप केलं. खालचा चौकोन रिकामा. पुन्हा केलं. रिकामाच.

“चालत नाही आजोबा मराठीत.”

“तेव्हाही चालत नव्हतं,” ते म्हणाले. “ळ तारेत बसत नाही.” आणि अडकित्ता तिथंच ठेवून परत आत जाऊन पडले. सहज बोलले, पाऊस थांबेना असं म्हणावं तसं. पण मला ते लागून राहिलं. पुण्याला परतताना बस निपाणी ओलांडेपर्यंत तेच डोक्यात होतं.

अण्णा रेल्वेत सिग्नलर म्हणून लागले, पुढे असिस्टंट स्टेशन मास्तर झाले. मिरज-लोंढा लाईन तेव्हा मीटरगेज. माझं लहानपण त्या लाईनीवरच्या क्वार्टरांत गेलं आणि तारेच्या खोलीचा वास अजून माझ्या नाकात आहे. रॉकेल, ओलं लाकूड, पितळ पुसायचं पॉलिश, आणि या सगळ्याखाली एक आंबूस-खारट काहीतरी. ते बॅटरीचं. भिंतीतल्या फडताळात काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असायच्या, त्यांत नवसागराचं पाणी आणि काळ्या-राखाडी कांड्या. आई त्यांना ‘तुमची लोणची’ म्हणायची. साउंडर लाकडी खोक्यात बसवलेला, आवाज मोठा यावा म्हणून मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचलेला. डबा गंजला की आवाज बसका व्हायचा, मग अण्णा नवा डबा मिळवायला गावातल्या तंबाखू खाणाऱ्यांच्या मागे लागायचे. ते स्वतः तंबाखू खात नसत. फक्त सुपारी.

मला आश्चर्य वाटायचं ते या गोष्टीचं, की ते झोपेत असायचे आणि साउंडर खडखडत असायचा, पण जाग यायची ती आपल्या स्टेशनाचा कोड वाजला की. बाकी सगळ्या लाईनीच्या गप्पा त्यांच्या कानावरून पाण्यासारख्या जायच्या. आईला हे जमायचं नाही. ती म्हणायची, माणसाला बायकोच्या हाकेनं जाग येत नाही आणि खडखडीनं येते.

इंग्रजीत ई हे अक्षर सगळ्यांत जास्त वेळा येतं म्हणून त्याला एकच टिंब. टीला एकच रेघ. मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल छापखान्यात गेला आणि कुठल्या अक्षराचे किती खिळे ठेवलेत ते मोजून आला, असं सांगतात. जास्त लागणाऱ्या अक्षराला छोटी खूण, कमी लागणाऱ्याला मोठी. 1844च्या मे महिन्यात वॉशिंग्टन ते बाल्टिमोर पहिली तार गेली तीही याच हिशेबावर. हिशेब चोख आहे, फक्त तो आपला नाही. आपली भाषा कान्यावर चालते. इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मराठीत एचा नुसता पाऊस पडतो. जांबोटी घ्या, खानापूर घ्या, बाळासाहेब, सावंतवाडी, काहीही घ्या. ए म्हणजे टिंब-रेघ. अण्णा म्हणायचे, तारेवर साहेबाचं इंग्रजी आलं की टिपटिप पाऊस, आणि आपल्या माणसाचं नाव आलं की लंगडत चालल्यासारखं, छोटं-लांब, छोटं-लांब. शब्द ओळखायच्या आधी त्यांना कळायचं की आता कुणीतरी आपला येतोय.

देवनागरीतून तार करायची सोय स्वातंत्र्यानंतर झाली, पण अण्णांच्या टेबलावर ती कधी आली नाही. छोट्या स्टेशनांवर लोकांच्याही तारा घेत, आणि लोक यायचे ते मराठीत, कानडीत किंवा दोन्हीच्या मिश्रणात दुःख घेऊन. त्याचं इंग्रजी अण्णांनी करायचं. हे मात्र खरोखरचं भाषांतर. दर शब्दाला पैसे, त्यामुळे ‘आमच्या बाबांनी काल रात्री डोळे मिटले, तू असशील तसा नीघ’ याचे उरायचे चार शब्द. फादर एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली. आमच्या भागातल्या ज्या बाईला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं तिला ‘सिरियस’ आणि ‘एक्स्पायर्ड’ हे दोन शब्द येत होते. किंबहुना तेवढीसुद्धा गरज नसे. तारवाला सायकल भिंतीला टेकवून आधी टोपी काढतोय की घाम पुसतोय यावरून गल्लीला कळायचं. लग्नाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांना नंबर असायचे, नंबर पाठवला की पलीकडे अख्खं वाक्य लिहून मिळायचं. आनंद नंबरावर भागायचा. मरणाला तेवढे शब्द लागायचे.

अण्णांची एक सवय होती. कुणीही तार घेऊन आलं की नाव लिहून झाल्यावर ते विचारायचे, “नातं काय?” माणूस म्हणायचा, नातं कशाला, त्यांना ठाऊक आहे की. अण्णा तरी आंट, सिस्टर, जे असेल ते घालायचेच. एक शब्द वाढायचा, त्याचे पैसे वाढायचे. कुणी कुरकुर केली तर ते पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे. आईला हे कळलं तेव्हा घरात भांडण झालं होतं. त्यामागची गोष्ट मला फार उशिरा, आज्जी गेल्यानंतरच्या तेराव्याला कळली.

आज्जीची आई लवकर गेली. तिला वाढवलं ते मोठ्या बहिणीनं, कमळानं. पुढे आज्जीला मुलगी झाली तेव्हा तिनं बहिणीचंच नाव ठेवलं, जरा नव्या वळणाचं करून. कमला. थोरली कमळा मुंबईत लालबागला चाळीत, आणि धाकटी कमला, म्हणजे माझी आत्या, लग्न होऊन तिथंच दोन चाळी सोडून. अण्णा नुकतेच नोकरीला लागले होते, आत्याला सातवा महिना होता. आणि तार आली. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी केलेली. कमळा नि कमला, दोन्हींचं इंग्रजी स्पेलिंग एकच. के ए एम ए एल ए. कमला एक्स्पायर्ड स्टार्ट इमिजिएटली.

की कमळा एक्स्पायर्ड?

अण्णांनी कागद शंभर वेळा वाचला असेल. त्यांना बाकी सगळं कळत होतं. कुठल्या ऑफिसात किती वाजता टाकली, किती वाजता उतरवली, किती शब्द. फक्त ते एक अक्षर ल की ळ, ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते मुळात पाठवलंच गेलं नव्हतं. खानापुरातून मीटरगेजनं पुणे, पुण्याहून दुसरी गाडी. एक रात्र आणि वर अर्धा दिवस आज्जी बाकड्यावर पदर तोंडात कोंबून बसली होती. अण्णा सांगत होते की ती रडत नव्हती, पुटपुटत होती. काय पुटपुटतेय हे त्यांना मिरजेच्या पुढे ऐकू आलं. ती यल्लम्माला नवस बोलत होती. कुणासाठी ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पण एकीसाठी मागणं म्हणजे दुसरीला देऊन टाकणं, आणि ती दुसरी म्हणजे जिनं तिला लहानाची मोठी केली ती.

चाळीच्या जिन्यात आत्या उभी होती. पोट पुढे आलेली, डोळे सुजलेले, धडधाकट. तिला बघून आज्जी हसली. अण्णा म्हणाले, इतकं मोठं हसू मी तिच्या तोंडावर त्याआधी बघितलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. वर बहीण जमिनीवर ठेवलेली, बायका भोवती, आणि ही जिन्यात हसतेय. मग वर गेली आणि रडली ती इतकी की तिला आवरता येईना. पुढे आयुष्यभर कमळाचं नाव निघालं की आज्जी उठून आत जायची. आम्हाला वाटायचं बहिणीच्या आठवणीनं. ते तसंही असेल. पण मला आता वाटतं की तिला बहीण आठवत नसेल, ते हसू आठवत असेल.

तारसेवा 15 जुलै 2013ला बंद झाली. टीव्हीवर लोक शेवटची तार पाठवायला रांगा लावून उभे असलेले दाखवत होते. मी अण्णांना फोन करून विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, “तारेला कोण रडणार? तारच रडवायला यायची.” आणि फोन आईकडे दिला.

पण एका माणसाबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज बदलतो. लोंढ्याच्या बाजूच्या एका स्टेशनात एक कानडी मास्तर होते. कित्येक वर्षं दोघांनी एकमेकांना बघितलेलं नव्हतं, पण एकमेकांचा हात ओळखायचे. हात म्हणजे तारयंत्राची कळ दाबायची लकब. प्रत्येकाची वेगळी, हस्ताक्षरासारखी. या मास्तरांची शेवटची रेघ जरा रेंगाळायची, बोलता बोलता माणूस दाराशी थांबतो तशी. रात्री लाईन मोकळी असली की दोघे गप्पा मारायचे, अर्थात इंग्रजीत, तेही तुटक. पाऊस किती, मालगाडी कुठं अडलीय, मुलाला ताप आहे. 1986च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबार झाला, माणसं गेली. अण्णा दोन दिवस ड्यूटीवर अडकले होते आणि आम्ही मुलं घरात दारं लावून. त्या रात्री पलीकडून दोनच शब्द आले. होम ओके? अण्णांनी उलट पाठवलं, ओके. तीन रेघा, मग रेघ-टिंब-रेघ. मग बराच वेळ काही नाही. लाईन चालू आहे हे दोघांनाही ठाऊक होतं.

दोघं भेटले ते पुढे एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात. ओळखणार कसे? चेहरा नाही, आवाज नाही. पानाच्या तबकाशी एक जाडसर गृहस्थ बसले होते, त्यांनी अडकित्ता उचलला आणि रिकामाच खट्-टक् करायला लागले. शेवटची रेघ रेंगाळली. अण्णा ताटावरून उठून गेले. अडकित्त्यावरून तार करायची युक्ती अण्णांनी त्यांच्याकडून उचलली. आता बघा, अडकित्ता हा शब्दच मुळात कानडीतून आलेला. अडकी म्हणजे सुपारी, कत्ती म्हणजे सुरी. पाट्यांवर 60 टक्के कुठली भाषा लिहायची यावरून आपल्याकडे डोकी फुटतात आणि सुपारी मात्र कुणीही कुठल्याही भाषेत फोडतं.

त्या दोघांना एकच तक्रार सारखी होती. ळ. तो इंग्रजीत नाही, हिंदीच्या रोजच्या लिहिण्यातही दिसत नाही. मराठीत आहे आणि कानडीत आहे. अण्णांना कमळा हवी होती, मास्तरांना आपल्या गावाच्या नावातला ळ. तर दोघांनी मिळून एक बेत केला. एल म्हणजे टिंब-रेघ-टिंब-टिंब. त्याला शेवटी आणखी एक टिंब जोडायचं की झाला ळ. एका रात्री अण्णांनी हौसेनं पहिला ळ पाठवला आणि पलीकडे सगळं चिडीचूप. एक मिनिट, दोन मिनिटं. शेवटी अण्णांनी विचारलं, काय झालं? उत्तर आलं, तुम्हीच तर थांबा म्हणालात! टिंब-रेघ-टिंब-टिंब-टिंब ही खूण आधीपासून ठरलेली होती, तिचा अर्थ ‘थांबा’. आपणच ठरवलेला ळ मास्तर विसरले आणि नोकरीची सवय जिंकली. मग दोघांनी तो नाद सोडला.

हे सगळं अण्णांनी परवा सांगितलं नाही, तुकड्यातुकड्यांत कधीकधी सांगितलेलं मी जोडत गेले. पुण्यात आल्यावर मला त्या कोडचा नादच लागला. टिंब एक मात्रा, रेघ तीन, अक्षराच्या आत एक मात्रा मोकळी, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. तारेचा वेग मोजायला पॅरिस हा शब्द घेतात, मागची मोकळी जागा धरून बरोबर 50 मात्रा. म्हणून मी आमचं गाव मोजलं. साहेबाचं बेलगाम 72. 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं बेळगावी 78. आपण म्हणतो ते बेळगाव इंग्रजी अक्षरांत सरळ लिहिलं तर 64. इतकी वर्षं, इतके मोर्चे, इतके काळे दिन, आणि तारेवर सगळा फरक चौदा टिंबांचा! बेळगाव आणि बेळगावी दोन्हींत ळ आहे आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्हींतला तो सारखाच गळतो, हे मात्र कुणाच्या भाषणात ऐकलं नाही. रेल्वेनं पाटी बदलली, कोड बदलला नाही. बी-जी-एमच राहिला. म्हणजे ते जुनं गाम अजून तिथं शेवटच्या एमच्या दोन रेघांत बसलंय.

मोकळ्या जागेचं तर मला भलतंच वाटायला लागलंय. ‘आई’ लिहायला ए आणि आय. मध्ये तीन मात्रा थांबायचं विसरलं की दोन्ही मिळून एल होतो, आई नाहीशी. ‘मी’ घाईत पाठवला की झेड. ‘तू’ घाईत पाठवला की एक्स. ‘ती’ होते डी, ‘ते’ होतो एन. ‘तो’ पाठवला तर सलग चार रेघा, इंग्रजीत तसलं अक्षरच नाही. मी हे रात्री अंथरुणात बोटांवर मोजत बसते, नवरा विचारतो, हिशेब कसला? काय सांगणार.

रविवारी भाचीला फोन केला. प्रोजेक्टला दहापैकी नऊ मिळाले. एक गेला, कारण तिनं यादीत अकरावा शब्द घातला होता आणि बाई म्हणाल्या असा शब्द इंग्रजीत नाही. कुठला म्हणून विचारलं तर हसली फक्त. मग म्हणाली, “आत्या, थांब, ऐक,” आणि फोन नेऊन पलंगापाशी धरला.

पावसाचा आवाज आला. पन्हाळीतून पडणारा, मागच्या अंगणातल्या बादलीत. मग अडकित्ता. मी कागद-पेन्सिल घेतली. रेघ, टिंब, टिंब, टिंब. बी. एक टिंब. ई. मग टिंब, रेघ, टिंब, टिंब, आणि मला वाटलं संपलं, तर आणखी एक टिंब.

आणि पुढे काही नाही. बादली भरत होती. भाची कुजबुजली, “आजोबा, पुढचं?”

“श्श,” अण्णा म्हणाले.